फ्लेक्सवरची अर्धी बाई

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून फ्लेक्स उतरवला, चौकटीच्या लोखंडी नळीभोवती मुडपलेली त्याची डावी कड उलगडली, आणि आतून एक अर्धी बाई निघाली.

हिरवं लुगडं, एक हात, कमरेवर अर्धी घागर. डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढलेला, की तोंड दिसत नव्हतं. बाकीची बाई गायब.

"छापताना कटली असन, मॅडम," हेड कॉन्स्टेबल खुशाल म्हणाला.

"कटली तं उरलेली कुठं गेली, खुशालभाऊ?" सब-इन्स्पेक्टर नीलिमा फ्लेक्सवर ओणवी झाली.

खुशालनं उजवी कड उलगडायला घेतली. ती गंजलेल्या नळीला चिकटून बसली होती. ओढली, तशी चिंध्या होऊन हातात आली. तिकडचं काही कळायला मार्ग राहिला नाही.

फोटो मांडवखेडीच्या पोळ्याचा होता. भिंतभर लांब. मधोमध आंब्याच्या पानांचं तोरण, काठीसारखं सरळ. खाली शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल ओळीनं उभे. डाव्या टोकाला पटांगणातली विहीर, आणि तिच्या कठड्याशी पांढऱ्या फेट्यातले चंपतराव. फोटोतले चंपतराव जिवंत आहेत. पोळा फुटला, बैल घरोघरी निघाले, बायका पाण्याला आल्या, तेव्हा विहिरीत तो पांढरा फेटा तरंगत होता. गळ टाकून चंपतरावांना वर काढलं. डोकं मागून फुटलं होतं. गावावर एवढं ओढवलं, तरी फ्लेक्स लागायचा तो लागलाच. वरच्या कोपऱ्यात हात जोडलेले सरपंच होते, ते वाया कसे घालवणार?

गुन्हेगार शोधायला पोलिसांना लांब जावं लागलं नव्हतं. पोळ्याच्या ओळीत माणसाची किंमत ठरते. पहिली जोडी ज्याची, तो गावात पहिला. शेवटची ज्याची, त्यानं मान खाली घालून बैल हाकायचे. चंपतराव मानकरी. त्यांनी पंढरीची जोडी शेवटाला लावली. पंढरी तडकला. "एक दिवस इहिरीत ढकलीन तुले," असं साऱ्या गावासमोर बोलला आणि बैल घेऊन ओळीबाहेर जाऊन उभा राहिला. फ्लेक्सवर तो विहिरीच्या अगदी जवळ दिसतो. मध्ये फक्त त्याचा एक बैल, आणि तोही कसा, तर अंगानं असा लांबलचक, की गावातली पोरं त्याला रेल्वे बैल म्हणायची.

नीलिमाच्या आधीच्या अधिकाऱ्याला एवढं पुरलं. पंढरी आदिलाबादच्या तुरुंगात गेला. नीलिमा बदलून आली, तेव्हा काम संपल्यात जमा होतं. सोमवारी आरोपपत्र कोर्टात द्यायचं, फ्लेक्स मुद्देमाल म्हणून बांधायचा, मोकळं व्हायचं.

पण पंढरीची माय मोकळं होऊ देत नव्हती. बयनाबाई रोज पहिल्या ऑटोनं ठाण्यावर यायची आणि दारातल्या कडुनिंबाखाली बसून राहायची. तिचं मागणं एकच.

"माय, म्हातारा आपल्या पायानं पडला असं लिवा ना."

"आपल्या पायानं पडला असता तं डोक्याच्या मांगं मार कसा लागला असता, बयनाबाई?"

"इहिरीत काय गोटे नाहीत?"

"तुमी पाह्यलं त्याले पडताना?"

"मी घरी होती. पुरण वाटून राह्यली होती." मग पुन्हा तेच. "कोणीच नाई ढकललं, असं लिवता येत नाई का?"

नीलिमाला तिची दया यायची. आदिलाबादच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी गल्ल्यावर बसून लहानपणापासून गिऱ्हाइकांची तोंडं वाचायला शिकली होती. या म्हातारीच्या तोंडावर मात्र तिला पोराच्या काळजीशिवाय काही वाचता आलं नाही. बिचारीला कायदा कळत नाही, असं ती खुशालजवळ म्हणालीही.

ती अर्धी बाई सापडली आणि नीलिमाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. विहिरीपाशी एक बाई होती. मग ती साक्षीला कशी आली नाही? पोळा फुटेपर्यंत बायका पटांगणात येत नाहीत, बैलांची ओवाळणी घराच्या दारात होते. आलीच कोणी, तर गावाला माहीत असायला हवं. पण विचारलं, तर जो तो तोरणाकडेच बघत होता म्हणे.

ती तुरुंगात जाऊन पंढरीला भेटली.

"ढकललं का तू?"

"लिवलं ना त्याहीनं."

"मी तुले इचारून राह्यली."

"ढकललं असं समजा."

"समजा म्हंजे?"

नीलिमा निघाली, तेव्हा पंढरी जाळीआडून एवढंच म्हणाला, "मॅडम, मायले ठाण्यावर येऊ देत नका जाऊ. तिले काही इचारू बी नका."

कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या ऑटोच्या आधीच, ती मांडवखेडीला पंढरीच्या घरी गेली. ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग होता. पंढरीचा धाकटा भाऊ जीवन त्यातली पानं निवडत बसला होता. लग्न व्हायचं होतं त्याचं, पण आता या घरात मुलगी कोण देणार! बयनाबाईनं पितळी घागरीतून पाणी काढून दिलं. घागरीच्या पोटाला वाटीएवढा पोचा होता.

"हे कसं झालं?"

"पडली हातातून," बयनाबाई म्हणाली.

नीलिमा जीवनकडे वळली. "पोळ्याच्या दिवशी तू कुठं होता?"

"शेवटाला."

"म्हंजे?"

"पार शेवटाला. इहीर त्या टोकाले, मी या टोकाले. फ्लेक्सवर पाहा ना, उजवीकडं मीच हावो."

ते खरंच होतं. फ्लेक्सच्या उजव्या टोकाला जीवन होता. नीलिमानं तो नीट पाहिला होता.

खुशालनं तिला बाजूला घेतलं. "खोटं नाही बोलत, मॅडम. पोळ्यात शेवटाला होतो असं कोणी मुद्दाम सांगते का? इज्जत जाते माणसाची. आधीच्या साहेबांनीही म्हणूनच त्याले सोडून दिलं."

पटण्यासारखं होतं. या गावात कोणीही तसंच समजलं असतं, आणि समजलंही होतं. नीलिमा जीपपर्यंत गेली. दाराला हात लावला आणि थांबली. मग परत ओसरीशी आली.

"जीवन, शेवटाला तू कोणाची जोडी धरून उभा होता?"

जीवनचे हात कापसात थांबले.

"तुमची जोडी तं पंढरी घेऊन गेला होता."

"असाच उभा होतो."

"पोळ्याच्या ओळीत? बिना बैलाचा?"

जीवननं मायकडे पाहिलं. मायनं घागर उचलली आणि आत गेली.

ठाण्यावर येऊन नीलिमानं फ्लेक्स अंगणात पसरवला आणि दुपारभर त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. बघावं तितकी निराशाच वाट्याला येत होती. जीवन इथं, विहीर तिथं, मध्ये अख्खा पोळा. उडी मारूनही पोचता येणार नाही. उद्या सोमवार. पंढरी जन्माचा आत जाणार, आणि आपल्या सहीनं जाणार.

मग तिचं लक्ष सावल्यांकडे गेलं.

फोटो उतरत्या उन्हातला. तोरणाखालच्या बैलांच्या सावल्या पलीकडे, देवळाच्या बाजूला पडल्या होत्या. विहिरीच्या कठड्याची सावली मात्र अलीकडे, बघणाऱ्याच्या पायाशी येत होती. ती धावत उजव्या टोकाला गेली. जीवनचीही सावली अलीकडेच.

"खुशालभाऊ, सूर्य किती असतात?"

"एकच, मॅडम. आपल्याकडं तरी."

"मंग दोन्ही टोकांच्या सावल्या एकीकडं अन् मधातल्यांच्या दुसरीकडं काऊन?"

खुशालनं डोकं खाजवलं. नीलिमानं जीपची किल्ली उचलली.

फ्लेक्स इचोड्याच्या प्रवीणनं केला होता. हमरस्त्यावर ढाब्याशेजारी त्याचा फोटो स्टुडिओ होता. बाहेर ट्रकांचे भोंगे, आत काचेवर धूळ. पोलीस बघून त्याचा चेहरा पडला.

"हा फोटो कशानं काढला?"

"गोल फोटोचा कॅमेरा हाये, मॅडम. दोन भिंगं, एक पुढं, एक मांगं. पटांगणाच्या मधोमध काठीवर उभा करायचा. चारी दिशा एका दमात येतात."

"मंग फ्लेक्सवर गोल काऊन दिसत नाही?"

प्रवीणनं कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. त्यात तोरण धनुष्यासारखं वाकलेलं होतं आणि बैलांची ओळ पोटाला फुगली होती. "पयले असाच देला होता. गोल वस्तू कागदावर सपाट केली, की संत्र्याच्या सालीवानी कुठं तरी फाटते, नाही तं ताणते. पण सरपंच बिथरले. तोरण वाकडं म्हंजे अपशकुन म्हणे. सरळ कर."

"केलं कसं सरळ?"

"गोलाचा डबा केला. डब्याच्या चार भिंती. पुढची, डावी, उजवी, मांगची. एकेका भिंतीवर तेवढाच फोटो सपाट पाडला, की सरळ रेघ सरळच राह्यते. फक्त भिंतीच्या कोपऱ्यापाशी जे येईल ते लांब होते."

"रेल्वे बैल."

"हो ना, थो कोपऱ्यात सापडला."

"अन् चार भिंती एका पट्टीत कशा लावल्या?"

"तोरणाची भिंत मधात. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं."

"मांगची?"

प्रवीण पहिल्यांदा हसला. "मांगं कोण पाह्यते, मॅडम? पोळ्यात सारेच तोरणाकडं तोंड करून असतात. मधातून कापली. अर्धी या टोकाले लावली, अर्धी त्या टोकाले."

"ती मांगची भिंत जोडून दाखव."

प्रवीणनं बटण दाबलं. दोन टोकं सरकत आली आणि पडद्याच्या मधोमध एकमेकांना चिकटली. खुशालच्या तोंडून "अरे देवा" निघालं. कोडं सुटलं की बरं वाटतं, असा नीलिमाचा आजवरचा अनुभव होता. आज बरं वाटलं नाही.

"याचा कागदावर फोटो काढून दे," ती म्हणाली.

ती आणि खुशाल मांडवखेडीला पोचले, तेव्हा बयनाबाई ठाण्यावरून नुकतीच परतली होती. जीवन ओसरीवरच होता. नीलिमा दोघांच्या समोर, खाली जमिनीवरच बसली. खुशाल दारात उभा राहिला.

"जीवन, तू खोटं नाही बोलला," ती म्हणाली. "फ्लेक्सच्या शेवटालेच होता तू. पण तो फ्लेक्स ओळ नव्हे. ते पटांगण हाये, गोल. सरपंचानं तोरण सरळ करायले लावलं, म्हणून साऱ्या गावाले ते पोळ्याच्या ओळीसारखं दिसलं. एक टोक मानाचं, एक शेवटाचं. पण गोलाले शेवट कुठं असते? सावल्या सांगतात, दोन्ही टोकं एकाच जागी होती. कॅमेऱ्याच्या मांगं. म्हंजे इहिरीपाशी."

जीवननं पुढ्यातला कापूस मागे सारला.

"अन् पंढरी? त्याच्या अन् इहिरीच्या मधात डब्याचा कोपरा हाये. बैल तिथं लांब झाला तो म्हणून. तो पटांगणाच्या डाव्या बाजूले होता, बैलांसंगं. गावानं चारी भिंती एका ओळीत वाचल्या. त्यात पंढरी जवळचा झाला अन् तू दूरचा."

"इहिरीपाशी असलो म्हणून काय झालं?" जीवनचा आवाज चिरकला. "म्या काही केलं याचा काय पुरावा?"

नीलिमानं कागद पुढे ठेवला. त्यात बाई पुरी होती. तिच्या उजवीकडे कठड्याशी चंपतराव, डावीकडे जीवन. पदरानं तोंड झाकलेलं. एक हात घागरीवर. दुसऱ्या हातानं तिनं जीवनचं मनगट घट्ट धरलेलं.

"घागरीले तवा पोचा नव्हता," नीलिमा हळू आवाजात म्हणाली. "तोंड दिसत नाही, मान्य. पण चारचौघांत तरण्या पोराचं मनगट असं धरणारी बाई एकच असते. बयनाबाई, तुमी घरी पुरण वाटत नव्हत्या."

जीवन एकदम बोलायला लागला, जणू आतापर्यंत त्याचं तोंड कोणी दाबून धरलं होतं.

"मायनं पाणी भरलं होतं. आमच्या बैलाचे पाय धुवायले. म्हातारा म्हणे, पयले मानाच्या जोडीचे पाय, तुमचे शेवटाला. इथंही शेवटाला! मायनं मले धरलं. त्यानं घागरीले लाथ मारली. माय पडली. अन् म्या..." त्यानं आपल्याच हाताकडे पाहिलं. "डफडे वाजत होते. आवाज बी नाही आला."

"पंढरीले माहीत हाये?"

उत्तर बयनाबाईनं दिलं. "पोलीस आले तवा मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्यानं वळखलं. कानात म्हणे, माय, तू काही पाह्यलं नाई. लहान्याले जप."

"मंग तुमी रोज ठाण्यावर कायले येत होत्या? मीच शोध घ्यावा म्हणून?"

"शोध नको होता मले." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "मोठा सुटावा अन् लहान्याले कोणी धरू नये, याले दुसरा रस्ता हाये का, माय? कोणीच ढकललं नाई असं लिवावं लागते. थेच तं मांगून राह्यली होती."

नीलिमाची मान खाली गेली. या बाईला कायदा कळत नाही, असं आपण म्हणालो होतो. तिला तो पहिल्या दिवसापासून पुरता कळला होता. जिची आजवर कीव आली, तिचाच आता नीलिमाला संताप आला, आणि तो संताप कोणावर काढावा ते सुचेना.

जे सांगायचं ते सांगणं भाग होतं. "जीवन माझ्यापाशी बोलला ते कोर्टात चालत नाही. फोटोत ढकलताना कोणी दिसत नाही. पाह्यलं ते फक्त तुमी. तुमी कोर्टात उभ्या राहून सांगतलं, तं पंढरी सुटेल."

"अन् हा जाईल."

"हो."

"नाई सांगतलं तं?"

"तं पंढरी तिथंच राहील. अन् जीवनले मी आता सोडू शकत नाही."

"दोघं बी?"

नीलिमानं खुशालला खूण केली. जीवन आपणहून उठला, मायच्या पायांना हात लावला आणि जीपकडे चालायला लागला. त्याच्या केसांना कापूस चिकटला होता. बयनाबाईनं उठून तो काढला, बोटांनी चुरगळला, आणि परत येऊन फोटोसमोर बसली.

फोटोत मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत, जोडाची बारीक रेघ दिसत होती. तिनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"इथून कापलं होतं मले?"

"हो."

"कायले जोडलं, माय?" बयनाबाई म्हणाली. "एक अर्धी लहान्यापाशी, एक अर्धी मोठ्यापाशी. बराबर होतं थे."